गोड लागलेलं बिंबल

त्या सँडल माझ्या नव्हत्याच. बांद्र्याच्या मावसबहिणीने वापरून टाकलेल्या, पांढऱ्या, उंच टाचेच्या, आणि माझ्या पायाला एवढ्या घट्ट की घातल्यावर करंगळी कुठे गेली ते शोधावं लागायचं. पण नववीतल्या फिलोमिनाला, म्हणजे मला, त्या घालून आपण शाळेच्या सहलीला नाही तर बक्षीस घ्यायला स्टेजवर निघालोय असं वाटत होतं. कपाळावर केसांचा फुगा, फुग्यावर प्लॅस्टिकचं फुलपाखरू, नखांना मोठीआयपासून लपवून लावलेलं गुलाबी पॉलिश. आज ती पोरगी समोर आली तर आधी दोन धपाटे घालीन आणि मग पोटाशी धरीन. कारण त्या दिवशी दिवेलागणीच्या आत आपण मरणार, अशी तिची पक्की खात्री होणार होती.

आमचं घर वसईजवळच्या गासला, वाडीच्या तोंडाशी. पुढे ओटी, मागे विहीर, विहिरीपलीकडे केळी, पानवेली आणि पप्पांची भाजी. सकाळी पंपाची घरघर सुरू झाली की दिवस उजाडला असं समजायचं आणि ती थांबली की जेवायला बसायचं. त्या दिवसांत अंगणात बांबूच्या मांडवावर राजेळी केळी सोलून वाळत घातलेली असायची. त्यांची सुकेळी होईपर्यंत मोठीआय त्यांच्यावर पोलिसासारखी पहारा करायची. दिवसातून कितीदा तरी एकेक केळं उलटायची, कावळ्याला शिव्या द्यायची, आणि मधेच एखादं आमच्या हातावर ठेवून "कावळ्याने नेलं" असं आईला सांगायची. मोठीआय म्हणजे माझी आजी, पप्पांची आई. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती जशीच्या तशी कागदावर उतरवली तर माझ्या सुनेलासुद्धा कळायची नाही, म्हणून मी घरच्यांना शाळेच्या मराठीत बोलायला लावते आहे. मोठीआय वर बसून हसत असेल.

विहिरीच्या काठाला बिंबलाचं झाड होतं. ज्यांना बिंबल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढं हिरवं फळ, काकडीच्या पिल्लासारखं, थेट खोडालाच घोसाने लटकतं आणि आंबट इतकं की नुसतं नाव घेतलं तरी आमच्याकडच्या माणसाचा एक डोळा मिटतो. आई ते सुकटीत घालायची. मोठीआय मात्र त्याचा आणखी एक उपयोग करायची आणि त्यासाठी आसपासच्या वाड्यांत तिचं नाव होतं. शेतात कुणाला काही चावलं, आणि ते काय होतं ते दिसलं नाही, की माणसाला आधी आमच्या ओटीवर आणत. इतर ठिकाणी कडुलिंबाचा पाला चावायला देतात, मिरची देतात. मोठीआयचा त्यावर विश्वास नव्हता. "कडू लागलं, तिखट लागलं, असं माणूस घाबरून खोटंही सांगतो," ती म्हणायची. "आंबटावर तोंड खोटं बोलू शकत नाही." ती बिंबल चावायला द्यायची आणि माणसाच्या डोळ्यांत बघत बसायची. तोंड वाकडं झालं, अंग शहारलं, की जखम धुऊन, चहा पाजून घरी. नाही झालं तर जीभ विषाने मेली, ताबडतोब दवाखाना. मी लहानपणी दाराआडून असे कितीतरी गडी बिंबल चावताना बघितले होते. सगळ्यांची तोंडं झकास वाकडी झाली होती. (नातवंडांनो, वाचत असाल तर ऐका: साप चावला की बिंबल नाही, पाला नाही, सरळ दवाखाना. तुमची खापरपणजी शहाणी होती, पण डॉक्टर नव्हती.)

फक्त एका माणसाचं तोंड वाकडं झालं नव्हतं. ते माझे आजोबा. मी त्यांना पाहिलं नाही. पानवेलींच्या वाफ्यात हात घालताना त्यांना काहीतरी चावलं. माणूस भलता चेष्टेखोर, जेवताना बायकोच्या ताटातलं मीठ पळवणारा. मोठीआयने बिंबल दिलं, त्यांनी ते सावकाश चावून खाल्लं आणि म्हणाले, "गोड लागतंय गं." ती चिडली. "जीव जायची वेळ आणि तुम्हाला चेष्टा सुचते!" असं म्हणून तिने दुसरं दिलं. तेही गोड म्हणाले. मग ती रागावून पाण्याची घागर भरायला विहिरीवर गेली. परत आली तेव्हा त्यांच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. बैलगाडी वसईला पोहोचायच्या आत सगळं संपलं होतं. एवढी गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण मोठीआयसमोर ती कुणी काढत नसे.

आता सहल. बाग पापडी गावाच्या पलीकडे. गावातले लोक तिला प्रयोगाची वाडी म्हणायचे. कुण्या गोऱ्या साहेबाने म्हणे ती इंग्रजांच्या काळात उठवली. जगातल्या उष्ण मुलखांतली झाडं बोटीने आणायची, वसईच्या मातीत लावायची आणि कुठलं जगतं ते बघत बसायचं, हाच त्याचा उद्योग. कोको जगला, जायफळ जगलं, व्हॅनिलाची वेल जगली, रबराचं झाड तर असं जगलं की त्याने कुंपणाची भिंत पाडली. साहेब मात्र इथल्या तापाने गेला. "म्हणजे प्रयोगातलं ते एकच रोपटं लागलं नाही," असं मोठीआय म्हणायची. आमच्या वेळेपर्यंत बाग अर्धी रान झाली होती. शाळेत मुलं सांगायची, तिथे एक झाड आहे, त्याच्या सावलीत झोपलेला उठत नाही. कुठलं, ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे मी प्रत्येकच झाडाला घाबरायचं ठरवलं होतं.

फाटकातून आत गेलो आणि ऊन बाहेरच राहिलं. आमच्या वाडीतसुद्धा सावली असते, पण ती ओळखीची. तिच्यात कोंबड्या असतात, कुणी खोकतं, कुणी हाक मारतं. इथली सावली कुणाच्याच ओळखीची नव्हती. भिंतीएवढाली मुळं जमिनीवर उभी. एका खोडाला सगळीकडून काटे, जणू झाडानेच कुणाला तरी घाबरून अंग फुलवलंय. वर पाहिलं तर काळ्या पिशव्या टांगलेल्या, आणि त्यातली एक पिशवी पंख उघडून परत मिटली. बांबूचं बेट कण्हल्यासारखं वाजत होतं. माझी मैत्रीण सुषमा, नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमधली, वडील मंत्रालयात, तिला कशाचीच भीती नव्हती. तिने विचारलं, "फिलू, तू सारखी क्रूसाची खूण का करतेयस?" मी म्हटलं, "डास मारतेय."

बागेचे व्यवस्थापक एक उंच गृहस्थ होते, डोक्यावर हॅट, हातात वेताची छडी. त्यांना सगळे बागसाहेब म्हणत आणि त्यांना ते आवडत असे. ते एकेका झाडापुढे थांबून छडीने ठोकत आणि ते स्वतःच बोटीतून घेऊन आल्यासारखं बोलत. "हा ब्राझीलचा! हा जावाचा! हिला इथे फुलायला बारा वर्षं लागली, पण मी धीर सोडला नाही!" वही काढून लिहून घेणाऱ्या मुलींत मी नव्हते. माझ्या टाचेचं सालटं निघालं होतं. रांगेच्या शेवटी मी एका पायावर लंगडत होते आणि चेहऱ्यावर मात्र असा भाव, की आपण मुद्दामच सावकाश चालतो, अशी आमच्यात पद्धत आहे.

सगळ्यात शेवटी ते एका झुडपापाशी थांबले. कमरेएवढं झुडूप, पानांत लपलेली लाल चुटूक फळं, करवंदाहून लहान. इथे ते बराच वेळ बोलले. आफ्रिका हा शब्द माझ्या कानावर आला. बाकी मी सँडलचा बंद सैल करत होते. मग प्रत्येकीच्या हातावर एकेक फळ आलं. सगळ्या तोंडात टाकतायत म्हणून मीही टाकलं. ना धड गोड, ना धड आंबट, करवंदाची गरीब चुलतबहीण. बी थुंकली आणि बागसाहेब पुढचं काही सांगायच्या आत, बाईंची नजर चुकवून, मी मागच्या दगडी हौदावर पाय धुवायला सटकले. त्यांचं राहिलेलं वाक्य मी ऐकलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

पाय धुतला, पाण्यात केसांचा फुगा तपासला, सँडल हौदाच्या काठावर ठेवल्या. तेवढ्यात बसजवळून बाईंची शिट्टी. वळसा घालून जाण्यापेक्षा वेताच्या जाळीतून आडवं जावं असं माझ्या तल्लख डोक्यात आलं. अनवाणी. आत पाचोळा घोट्यापर्यंत. चार पावलं टाकली असतील, पायाशी सळसळ झाली, घोट्यावर काहीतरी कचकन टोचलं, आणि मी खाली पाहिलं तेव्हा एक तपकिरी शेपूट पाचोळ्याखाली सरकत होती. सावकाश. घाई नसल्यासारखी. घोट्यावर शेजारी शेजारी दोन लाल ठिपके.

मी धावत बसमध्ये जाऊन खिडकीशी बसले. बाईंना का सांगितलं नाही? कारण बाईंनी पहिला प्रश्न विचारला असता, "सँडल कुठे आहेत?" मरणाच्या दारात उभी असलेली मी त्या प्रश्नाला जास्त घाबरले. ही माझी तेव्हाची अक्कल. मागच्या बाकांवर कसला तरी दंगा चालला होता, लिंबाच्या फोडी हातोहात फिरत होत्या, "मला दे, मला दे" चाललं होतं. सुषमाने एक फोड माझ्यापुढे धरली. "खा ना, गंमत बघ!" मी मान फिरवली. मला उलटी होईलसं वाटत होतं. उलटी हे विषाचं लक्षण, हे मी दाराआडून ऐकलेलं होतं. मग मला खरंच मळमळू लागलं. जीभ जड झाली असं वाटलं, म्हणून ती हलवून बघितली. हलवून बघितली म्हणून ती आणखी जड झाली. रस्त्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक क्रूस, प्रत्येक सायकलवाला मी शेवटचा बघत होते. सायकलवाल्यांना त्याची काही कल्पना नव्हती.

मोठीआय अंगणात सुकेळी उलटत होती. ओटीच्या पायरीवर अर्नाळ्याची हिराबाई टोपली उतरवून आईला बोंबील मोजून देत होती. मी नुसता पाय पुढे केला. मोठीआयने वाकून ठिपके पाहिले आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय होतं?"

"तपकिरी. लांब. पूर्ण दिसलं नाही."

"कधी?"

"आत्ता. बागेत. बसच्या आधी."

तिने अनवाणी पायांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आईच्या हातातले बोंबील ओटीवर पडले आणि ती चपला न घालताच रिक्षा बघायला नाक्याकडे धावली. पप्पा टेम्पो घेऊन दादरच्या बाजारात. मोठीआयने केळीच्या खोडाच्या सोपाची ओली दोरी ओढली आणि माझ्या पोटरीवर, मग गुडघ्यावर अशी आवळली की माझ्या तोंडातून प्रभूचं नाव आणि एक शिवी एकदमच बाहेर पडली. मी पाणी मागितलं.

"पानी नको देवू तिला!" हिराबाई टोपलीवरून ओरडली. "पानी पोटात गेलं का ईष सरसर वर चढतं."

"गप गं हिरा," मोठीआय म्हणाली, पण पाणीही दिलं नाही. ती मागे गेली, बिंबलं तोडून, धुऊन, ताटलीत घेऊन आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. ज्या जागी बसून ती सगळ्यांच्या डोळ्यांत बघायची, तीच जागा. "चाव."

मी अर्धं बिंबल कडकन तोडलं. डोळे आधीच बारीक केले होते, खांदे वर घेतले होते, तोंड वाकडं करायची पूर्ण तयारी. रसाने तोंड भरलं. पण वाकडं करण्यासारखं काही आलंच नाही. साखरेत मुरवलेल्या आवळ्यासारखं, नव्हे, त्याहूनही मऊ, असं काहीतरी गोड घशाकडे उतरत गेलं. मी चावत राहिले. आता येईल आंबट, आता येईल. आलं नाही.

"मोठीआय," मी म्हटलं, "गोड लागतंय."

तिचा हात उगारलेला मला अजून दिसतो. "चेष्टा करू नको, फिलू."

"देवाशपथ गोड लागतंय."

तिने दुसरं माझ्या तोंडात कोंबलं. मी मनापासून प्रयत्न केला. तोंड वाकडं करायचा, डोळे मिटायचा, अंग शहारून घ्यायचा. पण ती ज्या नजरेने बघत होती तिच्यापुढे नाटक चालणारं नव्हतं. तोंडात मध होता. तिने तिसरं स्वतः चावून पाहिलं. तिचा चेहरा सुरकुतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तसाच सुरकुतलेला चेहरा घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. माझी मोठीआय कावळ्याला, सावकाराला, फादरांना, कुणालाही न भिणारी बाई. ती घाबरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आपण आजोबांच्या जागेवर बसलो आहोत.

त्यानंतरचा वेळ किती होता मला माहीत नाही. मोठीआयने मला मिठीत धरलं आणि "नमो मरिया" सुरू केली. हिराबाईला ती प्रार्थना येत नव्हती, पण तीही आपल्या देवीला हाका मारू लागली. पाय दोरीच्या खाली जांभळा पडत चालला होता आणि मला वाटलं ते विषच वर चढतंय. पापणी जराशी मिटली की मोठीआय गालावर चापट मारायची. "झोपायचं नाही! माझ्याकडे बघ!" मी मांडवावरच्या सुकेळ्यांकडे बघत होते. ती अजून पुरती वाळली नव्हती. ती तयार होतील तेव्हा मी नसेन, माझी कावळ्याने नेलेली केळी दुसरं कुणी खाईल, या विचाराने मला हुंदका आला. मी पापं आठवायला घेतली. शेजारच्यांचे पेरू, चर्चमध्ये मिस्साच्या वेळी हसणं, मावसबहिणीला "सँडल सुंदर बसतात" म्हणणं. मग नखांवर नजर गेली आणि मी किंचाळले, "फादर मरणाचं तेल लावायला येतील तेव्हा पायाला पॉलिश असेल!" हिराबाई म्हणाली, "पोर भ्रमात गेली." पंप अजून घरघरत होता. एवढा वेळ तो कुणी बंद कसा केला नाही, याचाही मला राग आला.

तेवढ्यात सायकलची घंटी. सुषमा. हँडलला माझ्या दोन्ही पांढऱ्या सँडल लटकत होत्या.

"फिलू, येडी का तू? हौदावर सोडून आलीस! बाईंनी उचलून आणल्या, तू उतरल्यावर किती ओरडल्या माहितीये?" ती आत आली आणि थबकली. ओटीवर एक प्रार्थना, एक नवस, आणि मधे मी, दोऱ्यांनी बांधलेली. मग तिची नजर ताटलीवर गेली. सुषमा कशीही असो, खाण्याच्या बाबतीत तिची नजर कधी चुकत नसे. "ए, बिंबलं! थांब थांब, चेक करते." तिने एक उचललं आणि अख्खं तोंडात टाकलं. आम्ही तिघी बघत होतो. ती चावत राहिली. चेहरा गुळगुळीत. "सॉलिड! अजून गोड लागतंय यार!"

"हिला पन चावला गं बाय!" हिराबाईने किंकाळी फोडली.

मोठीआयने सुषमाचं मनगट धरलं. "कुठे चावलं तुला?"

"मला? कुणी नाही चावलं, आजी. डास सोडून." सुषमा गडबडली. "ते लाल फळ खाल्लं ना आम्ही सगळ्यांनी बागेत. ते खाल्लं की नंतर आंबट गोड लागतं. तास, दोन तास. त्या सरांनी लिंबं पण दिली होती टेस्ट करायला. फिलूने नाही खाल्लं लिंबू. तिचं लक्षच नव्हतं."

मी रडता रडता हसायला लागले, आणि तेव्हाच पाहिलं की मोठीआय हसत नाहीये. तिने एक बिंबल उचललं, बोटांत फिरवलं, खाली ठेवलं. "म्हणजे आज हे काही सांगू शकत नाही," ती म्हणाली. "विष असेल, नसेल." मग तिला जणू कुणी मागून ढकललं तशी ती उठली. "आता थांबायचं नाही. एकदा थांबले होते."

माझं हसू जागच्या जागी विरलं. गोडव्याचा उलगडा झाला होता. दोन ठिपक्यांचा नव्हता. आई रिक्षा घेऊन आली तेव्हा मोठीआयने मला उचलून आत घातलं. त्या वयात ते तिला कसं जमलं, देव जाणे. वसईपर्यंत ती माझ्या चेहऱ्यावरची नजर काढत नव्हती. कुठलंही फळ नाही, कुठली परीक्षा नाही, नुसती बघत होती. ती भीती मी आजही विसरलेले नाही, कारण ती माझी नव्हती, तिची होती, आणि तिच्या छातीच्या ठोक्यांतून ती मला ऐकू येत होती.

डॉक्टरांनी आधी दोऱ्या कापल्या आणि ज्याने त्या बांधल्या त्याचा उद्धार केला. मोठीआयने मान खाली घालून सगळा ऐकून घेतला. मग डॉक्टरांनी दिव्याखाली घोटा धरला, चिमटा घातला आणि एक काळपट, वाकडं टोक बाहेर काढलं. वेताचा काटा. दुसऱ्या ठिपक्यातून दुसरा. "हा साप दातांऐवजी काटे वापरतो वाटतं," ते म्हणाले. शेपूट खरी होती. सापसुरळी असावी, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. तरी त्यांनी मला अंधार पडेपर्यंत ठेवून घेतलं. परत येताना रिक्षात मोठीआयने पदराच्या गाठीतून एक बिंबल काढून मला दिलं. मी चावलं आणि माझा एक डोळा मिटला, मान वाकली, खांदे कानापर्यंत गेले. तिने माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जसं कुणी बाळाच्या पहिल्या दाताकडे बघतं.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पुढच्या रविवारी मिस्सा झाली आणि मोठीआय चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली, "मला त्या बागेत ने."

मी साध्या चपला घातल्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. ती ठेवणीतल्या लुगड्यात, पाठ ताठ, त्या उभ्या मुळांमधून अशी चालली की जणू तीही कुणी बोटीतून आणलेली आणि जगलेली. मी तिचा हात घट्ट धरला होता. तिला आधार म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. बागसाहेब आनंदले. त्यांनी ब्राझीलपासून सुरुवात केली. "ते राहू द्या," मोठीआय म्हणाली. "ते लाल फळ दाखवा."

झुडपापाशी तिने फळ तोंडात घेतलं आणि बागसाहेब सांगत होते तसं ते जिभेवर सगळीकडे फिरवलं. डोळे मिटून, कम्युनियनचा प्रसाद घेतल्यासारखं. बी हातावर काढली. मग पदराची गाठ सोडली. आत एक बिंबल होतं, सकाळीच तोडलेलं, देठाला अजून ओल. ते तिने हातात धरलं आणि बराच वेळ नुसतंच धरून ठेवलं. मला वाटलं, ती घाबरतेय. मी विचारलं, "मोठीआय, मी आधी खाऊ का?" तिने नकारार्थी मान हलवली.

तिने ते चावलं. मी तिच्या डोळ्यांत बघत होते, ती सगळ्यांच्या बघायची तशी. सुरकुती हलली नाही. ती सावकाश चावत राहिली, शेवटच्या देठापर्यंत. वर वटवाघळं कुजबुजत होती, बागसाहेब आफ्रिकेबद्दल काहीतरी सांगत होते, आणि ती जमिनीकडे बघत होती.

"गोड आहे," ती म्हणाली.

मग मला नाही, त्या झुडपालाही नाही, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाली, "मला वाटलं, चेष्टा करत गेलात. खरं सांगत होतात तर."

तिने पदराने तोंड पुसलं. फाटकाबाहेर उन्हात आलो तेव्हा तिने माझ्या हाताला किंचित झटका दिला. "चल," ती म्हणाली, "सुकेळी उलटायची राहिलीत. आणि ते पॉलिश काढ आधी."